चाक वळविणारा सांधा

पानिपत शहराजवळचे काला अंब हे स्थान मराठी मनाला अपरिचित नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांच्यात झालेल्या घनघोर संग्रामाची स्मृती तेथे एका स्तंभाच्या रूपाने जपलेली आहे, आणि दर वर्षी त्या दिवशी महाराष्ट्रातून गेलेली माणसे तेथे नतमस्तक होतात. सदाशिवरावभाऊंची सेना मार्च १७६० मध्ये पटदूरहून निघाली आणि ऑगस्टच्या आरंभी दिल्लीत पोहोचली. आज तोच प्रवास मोटारीने दोन-तीन दिवसांत होतो. परंतु दिल्लीहून पानिपतकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर जानेवारीत दाट धुके उतरते. त्या धुक्यात समोर एकाएकी उभा ट्रक दिसला, तर गाडी बाजूला वळणे ही प्राणांची गोष्ट ठरते. आणि हे वळणे एका लहानशा लोखंडी सांध्यावर अवलंबून असते. मूठ मिटली असता बोटांचे जे सांधे वर येतात, त्यांना इंग्रजीत 'नकल' म्हणतात. तेच नाव मोटारीच्या या सांध्याला मिळाले आहे.

चाक फिरणे ही एक गोष्ट आणि चाक वळणे ही दुसरी. आपल्या बैलगाडीचा आस गाडीला पक्का जखडलेला असतो. तिला वळवितात ते बैल. पानिपतच्या रणातील जड तोफांचेही तसेच होते. तोफ एकदा रोखल्यावर तिचे तोंड फिरवायचे, तर माणसांनी पहारी लावून तिचा गाडाच सरकवावा लागे. उलट अब्दालीच्या सैन्यातील जंबुरके, म्हणजे उंटांवरील लहान तोफा, खोगिरावरील खुंटीवर सहज फिरत. केवळ याच कारणाने रणाचा निकाल लागला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि भार वाहणे आणि दिशा बदलणे ही दोन कामे एकाच अंगावर आली म्हणजे काय अडचण होते, हे त्यावरून ध्यानात येते.

चार चाकी घोडागाड्यांत पुढचा सबंध आस मध्यावरील खिळीभोवती फिरवीत. त्यामुळे तीव्र वळणावर गाडीचा आधार अरुंद होई आणि ती कलंडण्याचा संभव असे. म्युनिकच्या लांकेन्स्पर्गर या गाडी बनविणाऱ्या कारागिराने यावर तोड काढली आणि रूडॉल्फ आकरमान याने १८१८ मध्ये लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. आस जागचा हलवायचा नाही. त्याच्या दोन टोकांना दोन सांधे ठेवून फक्त चाके वळवायची, ही ती युक्ती. वळणावर आतले चाक लहान वर्तुळावरून जाते आणि बाहेरचे मोठ्या. म्हणून आतले चाक अधिक वळले पाहिजे. सांध्यांना जोडलेल्या दांड्या किंचित तिरक्या ठेवल्या की हे आपोआप साधते. कार्ल बेंझ याच्या १८८६ च्या पेटंटातील मोटारीला पुढे एकच चाक होते. दोन चाके नीट वळविण्याची रचना त्याने १८९३ मध्ये सिद्ध केली.

आजच्या बहुतेक लहान मोटारींत हा नकल अनेक अंगांचे मीलनस्थान असतो. त्याला वरून स्प्रिंगचा स्ट्रट, खालून बॉल जॉइंट आणि बाजूने स्टिअरिंगचा टाय रॉड जोडलेला असतो. त्याच्या पोटात चाकाचे बेअरिंग बसते, त्यातून इंजिनाची शक्ती आणणारा आस जातो, आणि ब्रेकचा कॅलिपरही त्याच्यावरच आवळलेला असतो. खड्ड्याच्या जबर धक्क्याने हा सांधा वाकला, तर गाडी एका बाजूला ओढू लागते आणि टायर एकाच कडेने झिजते. बेअरिंग गेले, तर वेगाबरोबर वाढणारी घरघर ऐकू येते. अशा वेळी नकल उतरविण्यावाचून गत्यंतर नसते.

त्या कामात बळापेक्षा क्रमाला महत्त्व अधिक. मागच्या चाकांना अटकाव लावून, सहायकाने ब्रेक दाबून धरला असता, आसाच्या टोकाचे मोठे नट प्रथम सैल करावे. हे नट सैल असताना गाडी ढकलू नये, बेअरिंग बिघडते. मग गाडी उचलून ती पक्क्या घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. चाक काढल्यावर कॅलिपर सोडवावा आणि तारेने वर टांगून ठेवावा, कारण त्याचा भार ब्रेकच्या रबरी नळीवर पडला तर ती आतून फाटते. वेग मोजणाऱ्या सेन्सरची तार असल्यास तीही जपून मोकळी करावी. टाय रॉड आणि बॉल जॉइंट यांचे टोक ओढण्याच्या पुलरने सुटते. आट्यांवर हातोडा घातला तर त्या चेपतात. स्ट्रटचे बोल्ट काढण्यापूर्वी त्यांच्या जागेची खूण करून ठेवावी. शेवटी आस हलकेच मागे सरकवून नकल बाहेर घ्यावा. आस ओढू नये, नाही तर आतला सांधा निखळतो.

बसविण्याचा क्रम याच्या उलट. परंतु येथे दक्षता दुप्पट हवी. बेअरिंग दाबून बसविताना दाब त्याच्या बाहेरच्या कड्यावर द्यावा; आतल्या कड्यावर दिला तर तो गोळ्यांवर पडतो आणि नवे बेअरिंग बसवितानाच जुने होते. एकदाच वापरायची नटे आणि स्प्लिट पिना नव्याच घ्याव्यात. पिनेचे भोक जुळत नसेल, तर नट थोडे आणखी आवळावे, सैल कधीही करू नये. आसाचे नट, गाडीचा भार चाकावर येण्यापूर्वी, उत्पादकाने सांगितलेल्या मापाइतकेच टॉर्क पान्याने आवळावे. गाडी रस्त्यावर नेण्याआधी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे, आणि चाकांचे कोन यंत्रावर तपासून घ्यावेत.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळावा. वाकलेला नकल तापवून व ठोकून सरळ करून घेतला, की काही पैसे वाचतात. बाहेरून तो सरळ दिसतोही. परंतु त्या तापण्याठोकण्यात धातूत शिरलेली बारीक चीर कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि उष्णतेने धातूचे बळ कमी झालेले असते. अशी चीर गावातल्या मंदगतीत गप्प राहते. भरधाव वेगात, सबंध कुटुंब गाडीत असताना, ती बोलते. म्हणून वाकलेला सांधा बदलावा, दुरुस्त करू नये. यंत्राचे जे अंग भारही वाहते आणि दिशाही देते, त्याच्या बाबतीत 'चालेल' हा शब्द कारागिराने वापरू नये आणि गाडीच्या मालकाने ऐकूनही घेऊ नये.