गुणांवर हरलेला पैलवान परत येतो, तेव्हा थेट चितपटच का करायला बघतो?

१४ जानेवारी २०२३. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस. माती विभागाच्या अंतिम कुस्तीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर. सिकंदर मूळचा मोहोळचा, पण घडला कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले आणि कुस्ती सिकंदरच्या हातून गेली.

त्या रात्री तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. स्लो मोशन, लाल गोल, बाण. चार गुण मिळावेत इतका तो डाव बसलाच नव्हता, असं सिकंदरच्या चाहत्यांचं म्हणणं होतं. कॉमेंटमध्ये एकच मागणी, ‘पुन्हा लढवा’.

त्या स्पर्धेत ती कुस्ती पुन्हा झाली नाही. पण त्याच वर्षी १० नोव्हेंबरला, पुणे जिल्ह्यातल्या फुलगावात, सिकंदर महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर होता शिवराज राक्षे, ज्यानं जानेवारीत महेंद्रला हरवून गदा नेली होती. कुस्ती अर्धा मिनिटही चालली नाही. शिवराज चितपट, गदा सिकंदरकडे.

पंच चुकले की बरोबर, हा वाद इथे उकरायचा नाही. प्रश्न वेगळा आहे. एकदा हरलेला जड वजनाचा गडी दुसऱ्यांदा जिंकतो, तेव्हा नेमकं काय बदललेलं असतं?

आधी ते चार गुण समजून घेऊ

फ्रीस्टाइल कुस्ती सहा मिनिटांची. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. समोरच्याला रिंगणाबाहेर ढकललं की एक गुण. खाली आणून मागून ताबा घेतला की दोन. उभ्यानं डाव मारून त्याला थेट ‘धोक्याच्या’ स्थितीत आणलं, म्हणजे पाठ जमिनीच्या दिशेनं ९० अंशांपेक्षा कमी कोनात वळली, की चार.

आता बघा, दोन आणि चार यांच्यातला फरक किती? पाठ किती वळली, एवढाच. तोही पंचानं क्षणात ठरवायचा. १२० किलोचे दोन गडी एकमेकांत अडकून कोसळत असतात, तेव्हा तो कोन मोजणं सोपं काम नाही. जड वजनात गुण मुळात कमी निघतात, त्यामुळे एका डावाचे चार गुण म्हणजे बहुतेक वेळा कुस्तीच.

चितपटला मात्र हे गणित लागूच होत नाही. दोन्ही खांदे टेकले, कुस्ती संपली. कोल्हापूरच्या जुन्या शौकिनांना निकाली कुस्तीचं एवढं वेड का, ते इथं कळतं.

पण दुसरी संधी देतो कोण?

बॉक्सिंगमध्ये मोठ्या लढतीच्या करारातच अनेकदा परतीच्या लढतीचं कलम असतं. विजेता हरला तर तो हक्कानं पुन्हा लढायला बोलावू शकतो. कुस्तीत असा करार नाही. मैदानात जोड ठरवते यात्रा कमिटी किंवा आयोजक. गर्दी खेचणारा वाद असेल तर जोड लगेच लागते, नसेल तर पैलवान वाट बघत बसतो. स्पर्धेत तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. बरं, थांबणं फुकट नसतं. दूध, बदाम, तूप, मांस, सगळा खुराक रोजचा रोज लागतो आणि हरलेल्याला इनाम कमी.

दुसरी संधी भांडून मिळवणारा सगळ्यात मोठा माणूस कोल्हापूरच्याच राजाराम कॉलेजचा विद्यार्थी होता. खाशाबा जाधव. वजनानं हलका, पण गोष्ट तीच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकआधी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दासपेक्षा त्यांना एक गुण कमी दिला गेला. फक्त एक. हा पक्षपात आहे असं म्हणून खाशाबांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. त्यांना निवड चाचणीत उतरायला मिळालं आणि तिथं त्यांनी प्रतिस्पर्ध्याला सरळ पाडलं. गुण मोजायची वेळच आणली नाही. पुढे कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण त्या पैशांआधी ती चाचणी होती. ती मिळाली नसती तर कांस्यपदकही नसतं.

उलटंही होतं

गुणांवर हरलेला चितपट करायला येतो. मग चितपट झालेला काय करतो? यासाठी जरा बॉक्सिंगकडे जाऊ.

१ जून २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये अँथनी जोशुआला अँडी रुईझनं सातव्या फेरीत हरवलं. हेवीवेटमधला मोठा धक्का होता तो. जोशुआ जवळ जाऊन ठोसे देत राहिला आणि रुईझचे हात त्याच्यापेक्षा वेगवान निघाले. सहा महिन्यांनी, ७ डिसेंबरला सौदी अरेबियात पुन्हा लढत झाली. जोशुआ सुमारे साडेचार किलो कमी करून आला. रुईझ सात किलो वाढवून! पार्ट्या आणि खाणं नडलं, हे त्यानं नंतर स्वतःच कबूल केलं. जोशुआनं बाराच्या बारा फेऱ्या लांबून जॅब मारला आणि बाजूला सरकला. बघायला कंटाळवाणं. पण तिन्ही पंचांच्या कार्डावर तो पुढे होता.

म्हणजे पहिल्यांदा जिथं मार बसला, त्या अंतरावर तो शक्यतो गेलाच नाही.

याहून जुनं उदाहरण जो लुईचं. १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगनं त्याला बाराव्या फेरीत आडवं केलं. श्मेलिंगनं लुईच्या लढतींची फिल्म बघून एक खोड पकडली होती. जॅब मारल्यावर लुईचा डावा हात खाली राहतो. त्याच फटीतून तो उजवा ठोसा घालत राहिला. दोन वर्षांनी लुईनं पहिल्या घंटेपासून असा हल्ला चढवला की ती खोड शोधायला श्मेलिंगला उसंतच मिळाली नाही. १२४ सेकंदांत खेळ खल्लास.

योजना बदलली म्हणजे जिंकलाच, असंही नाही हां. टायसन फ्युरी २०२४ च्या मे महिन्यात ओलेक्झांडर उसिककडून हरला, डिसेंबरमध्ये पुन्हा लढला आणि पुन्हा हरला.

तालमीत हे कसं उतरतं?

बाहेरची टांग कधी बसते? वरून पकड घट्ट झालेली असते, अंग ताठ उभं राहिलेलं असतं आणि भार टाचांवर गेलेला असतो. म्हणजे दुरुस्ती पायात नाही, पकडीत करायची. ती पकड बसायच्या आधीच हात झटकायचा, कंबर खाली ठेवायची, नाहीतर आपणच आधी पटात शिरायचं. यासाठी वस्तादाला डावाचा व्हिडिओ पुरत नाही, त्याच्या आधीचे दहा सेकंद बघावे लागतात. आपण शेअर करतो त्या क्लिपमध्ये नेमके तेच कापलेले असतात.

दुसरी अडचण जोडीदाराची. महाराष्ट्र केसरी गटात ८६ ते १२५ किलोचे मल्ल लढतात. ७० किलोच्या पैलवानाला सरावाला तालमीत दहा पोरं मिळतात. १२० किलोच्या गड्याला स्वतःएवढा, त्याच चालीचा जोडीदार शोधायला गावं पालथी घालावी लागतात. हलक्या पोरांशी लढून दम वाढतो, पण सव्वाशे किलोचा रेटा अंगावर घ्यायची सवय लागत नाही.

आणि दम. जड गड्याची छाती भरून आली की पहिल्यांदा त्याची कंबर वर येते. खासबागेत बसून बघत असाल तर चेहऱ्याकडे बघू नका, गुडघ्यांकडे बघा. गुडघे सरळ व्हायला लागले की समजायचं, आता कुणीतरी पडणार.