१००९ धावा आणि माझं पहिलं रिसर्च प्रपोजल

प्रपोजल लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो एखादा झगमगीत माणूस पकडायचा. माझ्या पहिल्या मसुद्यात तो होता टॉम ब्रॅडी. अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे जवळपास प्रत्येक चालीत चेंडू हातात घेऊन तो कुणाला द्यायचा हे ठरवणारा. २००० च्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर १९९ वा. पहिल्या मोसमात त्याने टाकलेले पास फक्त तीन. पुढे मात्र सात सुपर बोल! मी ठोकून दिलं: 'उशिरा निवडलेले खेळाडू जिद्दीच्या जोरावर पुढे जातात.' गाईडने मसुदा वाचून एवढंच विचारलं, "याच्या मागेपुढे निवडलेले बाकीचे कुठे गेले?"

बोलती बंद. यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात: टिकले तेवढेच दिसतात आणि आपण त्यांनाच अख्खा नमुना समजून बसतो.

म्हटलं, अमेरिका कशाला, आपलं कल्याणच घेऊ. ४ आणि ५ जानेवारी २०१६, वायले नगरचं मैदान, भंडारी चषक ही आंतरशालेय स्पर्धा. के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने आर्य गुरुकुलविरुद्ध नाबाद १००९ धावा केल्या. पहिल्या दिवसअखेरच तो नाबाद ६५२ होता, ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ सालचा ६२८ धावांचा विक्रम तेव्हाच मागे पडला होता.

आता वही काढा. १२९ चौकार आणि ५९ षटकार, म्हणजे ८७० धावा नुसत्या सीमारेषेवरून, शंभरातल्या शहाऐंशी. संघाचा डाव ३ बाद १४६५ वर घोषित. समोरचा संघ ३१ आणि ५२. विजय एक डाव १३८२ धावांनी. एका बाजूची सीमारेषा फार जवळ होती आणि समोरची मुलं नवखी होती, हेही तेव्हा बातम्यांत आलं होतं. आकडा शंभर टक्के खरा आहे. पण तो मोजतो काय? फलंदाजाचं कौशल्य, गोलंदाजीतला कच्चेपणा, मैदानाचा आकार, की दोन दिवस न थकता उभं राहण्याची ताकद? सगळं एकाच संख्येत कालवलेलं आहे. आकडा खरा असणं आणि आपल्याला हवं तेच तो मोजत असणं, यांत फरक आहे. दुसऱ्या गोष्टीला वैधता म्हणतात. व्हायव्हात हमखास विचारतात.

बरं, विक्रमी शालेय खेळीवरून पुढचं भाकीत करता येतं का? कॉलिन्स प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये ५४६ केल्या आणि २०१८ मध्ये कसोटी पदार्पणातच शतक ठोकलं. दोन माणसं, दोन टोकं. यावर सिद्धांत उभा करू नका, प्लीज.

दुसरी अडचण निरीक्षण कुठे थांबवायचं याची. डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे घ्या. मार्च २०१३, दिल्ली, पहिली कसोटी: ७ आणि १. अभ्यास तिथेच थांबवला असता तर निष्कर्ष काय निघाला असता? २०१४ मध्ये लॉर्ड्सवर १०३. डिसेंबर २०२० मध्ये अॅडलेडला संघ ३६ वर आटोपल्यानंतर पुढच्याच कसोटीत, मेलबर्नला, कर्णधार म्हणून ११२. खिडकी बदलली की निष्कर्ष बदलतो, म्हणून ती आधीच ठरवून प्रपोजलमध्ये लिहायची. डेटा बघून नंतर ठरवली की ती लबाडी होते (नकळत झाली तरी).

एक गोष्ट मात्र कुठल्याच तक्त्यात बसत नाही. प्रणव तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. २०१७ मध्ये, मनासारखी कामगिरी होत नाही म्हणून, वडिलांनीच ती थांबवायला सांगितलं. ते रिक्षाचालक. 'आउटलायर' हा शब्द मी सहज टाइप करायचो. हे वाचल्यापासून हात थोडा थांबतो.

सध्या दुसरा मसुदा चालू आहे. यात हिरो नाही. एका मोसमात ठाणे-कल्याण पट्ट्यात शालेय क्रिकेट खेळलेली सगळी मुलं, शून्यावर बाद झालेली आणि राखीव बसलेलीसुद्धा. स्कोअरबुकं मिळवायला शाळाशाळांतून हिंडतोय. बऱ्याच ठिकाणी जिंकलेल्या सामन्यांचीच जपून ठेवलेली सापडतात.