मदत नको, गिऱ्हाईक हवे

रमजानचा चांद दिसला की आपल्या जिल्ह्यातल्या बाजारांचे वेळापत्रकच बदलते. बुलढाणा असो, चिखली, मेहकर, मलकापूर की खामगाव. दुपारभर सुस्त पडलेला रस्ता असरच्या नमाजनंतर गजबजू लागतो. खजूर, कापलेले टरबूज, भजी, समोसे, फेण्या, शेवया. इफ्तारच्या या बाजारात रोजेदार असतात, तसे रोजा नसलेले शेजारी आणि कचेरीतून घरी निघालेली मंडळीही असतात. समोसा कुणी खाल्ला, हे समोसा विचारत नाही.

गाडीवरचा बराच माल कुठे तयार होतो, हे मात्र गिऱ्हाइकाला दिसत नाही. समोशाच्या पट्ट्या, शेवया, लोणची, चटण्या आणि ईदच्या कपड्यांची शिलाई ही कामे मोहल्ल्यातल्या दोन-दोन खोल्यांच्या घरांत होतात. करणाऱ्या बहुतेक बायका. नगावर किंवा किलोवर जे हातात पडेल ते घ्यायचे. वस्तूवर त्यांचे नाव नसते. ईद झाली की काम थांबते आणि कमाईही.

अशा घरांतल्या मुली माझ्या वर्गात असतात. परीक्षा शुल्काची तारीख जवळ आली की कुणाच्या आईने किती ब्लाऊज शिवले, कुणी किती किलो शेवया केल्या, हे आपोआप कळते. या मातांशी बोलताना प्रश्न फिरून फिरून एकच येतो. माल आम्ही करू, पण घेणार कोण?

रमजान हा जकातीचाही महिना. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर राहिली, त्याने तिचा अडीच टक्के हिस्सा गरजूंना द्यायचा, हा नियम आहे. ही व्यवस्था मोलाची आहे आणि तिच्यावर अनेक घरे तग धरून आहेत. पण हाताला हुनर असलेल्या बाईला मदतीपेक्षा गिऱ्हाईक मिळाले, तर तिची मान वेगळीच ताठ होते. म्हणून जकातीबद्दल बोलतो, तसे या महिन्यात गिऱ्हाइकाबद्दलही बोलले पाहिजे.

ऐंशी रुपयांची गोष्ट

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. ती त्यांनी भुलेश्वरमधल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. जाहिरात नाही, दुकान नाही. पहिले गिऱ्हाईक ओळखीतून आले.

पुढचा भाग अधिक शिकण्यासारखा आहे. सुरुवातीला त्यांनी एक चांगला आणि एक हलका, स्वस्त पापड करून पाहिला. मालाच्या दर्जात तडजोड करू नका, असा सल्ला छगनबापांनी दिला आणि तो त्यांनी मानला. तोटा झाला तरी कुणाकडून देणगी घ्यायची नाही, हेही सुरुवातीलाच ठरले. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसाळ्यातही माल बंद झाला नाही. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. नाव पसरले ते तोंडोतोंडी आणि देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांतून.

१९६२ मध्ये या पापडाला ‘लिज्जत’ हे नाव मिळाले. नावासाठी स्पर्धा झाली होती आणि बक्षीस होते पाच रुपये. उर्दू वाचणाऱ्याला हा शब्द ओळखीचा वाटेल. ‘लज्जत’ म्हणजे चव. अरबीतून फारसी-उर्दूत आलेला हा शब्द गुजरातीत ‘लिज्जत’ झाला आणि मराठी घराघरात पोहोचला. आज या संस्थेत चाळीस हजारांहून अधिक भगिनी आहेत आणि त्या सर्व धर्मांच्या आहेत. सातजणींपैकी एक, जसवंतीबेन पोपट, यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

देणगी नको, हलका माल नको आणि पावसाळ्यातही खंड नको. कमी पैशांत गिऱ्हाईक मिळवण्याचे सूत्र या तीन गोष्टींत आहे. आपल्या गावाला ते असे लावता येईल.

पहिली वीस घरे

वही घ्या आणि ओळखीच्या वीस घरांची यादी करा. नातेवाईक चार-पाचच ठेवा, कारण ते तोंडावर वाईट सांगत नाहीत आणि पैसेही सावकाश देतात. मुलांच्या शाळेतल्या शिक्षिका, दवाखान्यातल्या परिचारिका, नवऱ्याच्या कामावरचे लोक, जुन्या भाडेकरू, शेजारच्या गल्लीतल्या काकू ही नावे घ्या.

आता हिशेब. समजा एक किलो शेवयांना पीठ, दळण, इंधन आणि पिशवी धरून ९० रुपये लागतात आणि त्या १४० रुपयांना विकायच्या आहेत. मधले ५० रुपये ही तुमची मजुरी आणि नफा. शंभर ग्रॅमच्या वीस पुड्या वीस घरांत चव पाहायला दिल्या, तर दोन किलो माल गेला. लहान पिशव्या धरून साधारण २०० रुपये खर्च. त्यातल्या चार घरांनी एकेक किलो घेतला की २०० रुपये सुटले, नमुन्याचा खर्च निघाला. त्याच चार घरांतल्या दोघींनी पुन्हा मागवले, तर तिथून धंदा सुरू झाला असे समजा. पहिली खरेदी ओळखीने होते, दुसरी चवीने. म्हणून वहीत दुसऱ्यांदा कोण आले, याचा रकाना ठेवा. जे आले नाहीत त्यांना कारण विचारा. मीठ जास्त होते का, शेवया तुटत होत्या का? ते उत्तर फुकट मिळते आणि फार कामाला येते.

नाव, वजन, तारीख

पाकिटावर चिठ्ठी हवीच. वस्तूचे नाव, त्यात काय काय घातले आहे, वजन, तयार केल्याची तारीख, किंमत आणि फोन नंबर. चिठ्ठी उर्दूबरोबर मराठीतही असू द्या. केवळ उर्दू चिठ्ठी लावली तर आपणच आपले गिऱ्हाईक मोहल्ल्याच्या कमानीपाशी अडवतो. खाद्यपदार्थ विकायचे असतील तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, छोट्या व्यावसायिकांसाठी असलेली नोंदणी करून घ्या. तिचे वार्षिक शुल्क १०० रुपये असून अर्ज ऑनलाइन करता येतो. तो नंबर पाकिटावर असला की दुकानदारही माल ठेवायला तयार होतो.

फोनचा उपयोग विचार करून करावा. व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप मोफत आहे. त्यात वस्तूंचे फोटो आणि भाव मांडून ठेवता येतात. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश मात्र ज्यांनी आपला नंबर साठवला आहे त्यांनाच मिळतो, म्हणून पहिल्याच विक्रीला ‘ताई, नंबर सेव्ह करून ठेवा’ हे सांगावे. रोज दहा फोटो टाकू नयेत. लोक आवाज बंद करून ठेवतात. धंद्यासाठी वेगळा नंबर ठेवलेला बरा. गुगलवर धंद्याची नोंदही मोफत होते आणि घरचा पत्ता लोकांना दिसू नये अशी सोय तिथे आहे. अनोळखी माणसे दारात यावीत असे ज्या घरांना वाटत नाही, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचे.

लोक थांबतात तिथे

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शेगावच्या रेल्वे स्थानकावर कचोरी विकायला घेतली. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या तिथे थांबत आणि प्रवासी कचोरी पुढच्या गावांपर्यंत नेत. ती घरातली विक्री नव्हती, पण धडा घरगुती धंद्यालाही लागू आहे. लोक जिथे आधीच थांबतात, तिथे आपला माल पोहोचला पाहिजे.

स्वतः बाहेर बसणे शक्य नसेल तर दुसऱ्यामार्फत विका. मक्केच्या हजरत खदीजा (रजि.) मोठ्या व्यापारी होत्या. त्या स्वतः काफिल्याबरोबर जात नसत. भरवशाच्या माणसाहाती माल पाठवत. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सचोटीची कीर्ती ऐकूनच त्यांनी तरुणपणी त्यांच्यावर हे काम सोपवले होते. १० रमजान हा खदीजांचा स्मृतिदिन मानला जातो. आज असा भरवसा ओळखीच्या किराणा दुकानात, आठवडी बाजारात बसणाऱ्या भावजयीत, माविम आणि उमेदच्या बचत गटांच्या प्रदर्शनांत शोधता येईल. दुकानात आधी पाच-सहाच पाकिटे ठेवा, दर आठवड्याला हिशेब करा आणि दुकानदाराचा वाटा धरूनच किंमत ठरवा. ईदच्या मोठ्या मागणीसाठी निम्मे पैसे आधी घ्यावेत. उधारीने जेवढे घरगुती धंदे बुडाले, तेवढे गिऱ्हाईक नसल्याने बुडाले नसतील.

ओले धान्य वर

प्रेषितांविषयी एक प्रसंग हदीसमध्ये येतो. बाजारात धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, हे स्पष्ट केले. घरगुती धंद्याला याहून चांगली जाहिरात नाही. तेल कोणते वापरले, माल कधीचा आहे, हे विचारण्याआधी सांगावे.

इथेच एक नाजूक विषय येतो. काही शाकाहारी घरांना मुस्लिम घरचा पदार्थ घ्यावा की नाही, असा संकोच असतो. आणि ‘ते कशाला घेतील’ म्हणून आपल्या बायकाही त्या दारापर्यंत जात नाहीत. दोन्हीकडचे संकोच न बोलताच राहतात आणि धंदा मोहल्ल्यात अडकतो. यावर उपाय सरळ बोलण्याचा आहे. शेवया, पापड, लोणच्यासाठी भांडी वेगळी असतील तर तसे सांगा, पाहायला बोलवा. नसतील तर नाहीत म्हणून सांगा. खरे ऐकलेले गिऱ्हाईक आज घेणार नाही कदाचित, पण उद्या विश्वास ठेवील.

शेवया तर दोन्हीकडच्या. आमच्याकडे त्या शीरखुर्म्यात पडतात. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. शेजारी त्याच शेवया उन्हाळ्याच्या वाळवणात पापड-कुरडयांच्या पंक्तीला असतात आणि अक्षय तृतीयेला ताटात येतात. नोकरी करणाऱ्या सुनांना आता वाळवण करायला वेळ नाही. ईदनंतरचे अकरा महिने या घरांत आहेत. चांदरातीला वही बंद करून ठेवू नका; ईदच्या आठवड्यानंतर त्याच यादीला कुरडई, पापड, लोणच्याचे विचारा. लिज्जतच्या बहिणींनी पावसाळ्यावर खाट आणि स्टोव्हचा तोडगा काढला. आपला पावसाळा ईदनंतर सुरू होतो.

आणि वाचकहो, तुम्हालाही एक विनंती. या महिन्यात शेजारच्या घरून काही घेतलेत, तर कीव म्हणून घेऊ नका. चव पाहा, आवडले नाही तर तोंडावर सांगा, आवडले तर पूर्ण भाव द्या आणि पैसे त्याच दिवशी द्या. मग पुढच्या महिन्यात, रमजान नसताना, पुन्हा मागवा. त्या दुसऱ्या मागणीची वाट पाहणारी घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत.

सर्वांना रमजान मुबारक.