चालत्या कारभारातील अदलाबदल

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या वाटेवरील वळसंगच्या एखाद्या खातेदाराने एटीएममधून पैसे काढावयाचे म्हटले, तर त्याची मागणी ज्या दूरस्थ सर्व्हरांपुढे रुजू होते, ते बहुधा समूहाने नांदत असतात आणि परस्परांच्या हयातीची खातरजमा नेटवर्क कार्डामार्फत क्षणोक्षणी करीत राहतात. सर्व्हरांना जोडणाऱ्या या दुव्याचे मोल इतके, की पुण्याच्या सी-डॅक या संगणन-संशोधन संस्थेने 'परम पद्म' या महासंगणकासाठी 'परमनेट-२' हे जोडजाळे स्वतःच घडविले. २००३ साली जगातील अग्रगण्य पाचशे महासंगणकांत 'परम पद्म'चा क्रमांक १७१वा होता.

नेटवर्क कार्डाला सर्व्हराच्या कार्यप्रणालीशी बोलते करणारा जो आज्ञासंच, तोच ड्रायव्हर. त्याची आवृत्ती बदलताना कार्ड काही काळ मुके होते, आणि समूहातील सोबती त्या सर्व्हरास मृत समजून त्याचा कारभार हाती घेतात; क्वचित दोघेही स्वतःस मालक मानून एकाच दप्तरात नोंदी करू लागतात, आणि याहून मोठा अनर्थ या विद्येत क्वचितच असेल. म्हणून जाणता व्यवस्थापक एकेका सर्व्हराचा कार्यभार शेजाऱ्याकडे सोपवून त्यास समूहातून रीतसर रजा देतो, कार्डातील फर्मवेअर, म्हणजे कार्डातच साठवलेला आज्ञासंच, नव्या ड्रायव्हरशी जुळते की नाही हे पाहतो, आणि बदलानंतर चाचणी घेऊनच त्यास पुन्हा रुजू करून पुढच्याकडे वळतो. जुनी आवृत्तीही तो हाताशी ठेवतो, कारण नव्या ड्रायव्हरचे दोष पुष्कळदा भर वर्दळीतच उघडे पडतात.