हार्ट फेल्युअर: घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा दिवस बरा कसा जाईल?

दवाखान्याच्या कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ लिहून आले की घरात रडारड सुरू होते. हार्ट फेल म्हणजे हृदय बंद पडले, आता फार तर काही दिवसांचा खेळ, असे वाटते. वस्तीत आरोग्याचे काम करताना हा समज आम्हाला घरोघरी भेटतो. ‘हृदय निकामी झाले’ असे सांगून दवाखान्यातली मंडळी त्यात आणखी भर घालतात. खरे तर या आजारात हृदय बंद पडलेले नसते. ते चालूच असते, पण शरीराला लागते तितके रक्त पुढे ढकलायला कमी पडते. इमारतीची पाण्याची मोटार जुनी झाली की चालू असूनही वरच्या मजल्यावर पाणी बारीक येते, तसे. पुढे रक्त कमी जाते म्हणून थकवा येतो आणि मागे तुंबते म्हणून पाय सुजतात, पोट फुगते, फुप्फुसात पाणी साचून दम लागतो.

हार्ट अटॅक येऊन गेलेला असणे, वर्षानुवर्षे न सांभाळलेला बीपी, मधुमेह, लहानपणी सांधेताप होऊन खराब झालेली हृदयाची झडप, ही याची नेहमीची कारणे. इकोच्या कागदावर ‘ईएफ’ असा आकडा असतो. तो 40 किंवा त्याखाली असला तर हृदयाचा जोर कमी झाला आहे. पण काहींचा आकडा 50 च्या वर असूनही दम लागतो, कारण त्यांचे हृदय कडक झालेले असते आणि नीट सैल होऊन भरत नाही. बीपी असलेल्या वयस्कर बायकांत हा प्रकार बराच दिसतो. ‘इको चांगला आहे, आजीला काही झालेले नाही’ असे म्हणून त्यांना परत पाठवले जाते. केरळात तिरुवनंतपुरमच्या 18 रुग्णालयांनी 2013 साली 1205 रुग्णांची नोंद ठेवली, त्यांचे सरासरी वय 61 निघाले. 61 म्हणजे आपल्याकडे अजून कामाला जाण्याचे वय. तेव्हा ‘वय झाले, दम लागणारच’ हे उत्तर मान्य करू नका. आडवे पडल्यावर दम लागणे, रात्री गुदमरून उठून बसणे, दोन-तीन उशा लागणे, संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले की खड्डा राहणे, ही वयाची लक्षणे नाहीत.

आजार कायमचा आहे, हे खरे. पण किती वर्षे जगणार याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे की रोजचा दिवस कसा जातो. डॉक्टरांकडेही तो मोजायचे साधन आहे. अमेरिकेत मिनेसोटा येथे तयार झालेली 21 प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात पायाची सूज, जिना चढणे, झोप, औषधाचा खर्च याबद्दल विचारतात आणि आपण घरच्यांवर ओझे झालो असे वाटते का, हेही विचारतात. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हे शेवटचे वाक्य आम्ही सगळ्यात जास्त ऐकले आहे. त्याचे उत्तर गोळीत नाही, पण घरात बऱ्यापैकी आहे.

सुरुवात लघवीच्या गोळीपासून करू. साचलेले पाणी बाहेर काढणारी ही गोळी, फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड नावाची. दम आणि सूज तिच्यामुळेच उतरते. आम्ही घरात औषधांची पिशवी उघडून बघतो तेव्हा बाकीच्या गोळ्या संपलेल्या असतात आणि नेमकी या गोळीची पाने तशीच शिल्लक असतात. आजीला विचारले की ती गप्प बसते. दवाखान्यातल्या कागदावर ‘रुग्ण औषध घेत नाही’ असा शेरा पडतो आणि वर बोलणी बसतात. पण संडास किती लांब आहे, हे तिथे कोणी विचारलेले नसते. गोळी घेतल्यावर तासाभरात लघवी सुरू होते आणि पुढचे काही तास सारखे जावे लागते. सार्वजनिक संडास दोन गल्ल्या पलीकडे, सकाळी रांग, उकिडवे बसवत नाही, दिवा नाही, रात्री कुत्री. अशा वेळी बाई गोळी तर टाळतेच, पाणी पिणेही सोडते. यात तिचा हट्ट नाही, अब्रू सांभाळण्याची धडपड आहे.

यातून वाट निघते. गोळी अमुकच वाजता घ्यायला हवी असे बहुतेक वेळा नसते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की संडास घरात नाही, आणि वेळ बदलून मागा. रांग ओसरल्यावर दहा-अकराला घेतली तरी चालेल का, बाहेर जायचे त्या दिवशी घरी आल्यावर घेऊ का, हे विचारायचे प्रश्न आहेत. दुसरी गोळी असेल तर ती दुपारीच संपवावी, म्हणजे रात्री उठावे लागत नाही. घरात कोपऱ्याला साडीचा पडदा लावून झाकणाची बादली किंवा कमोडची खुर्ची ठेवा. उठताना चक्कर येते, म्हणून आधी बसून दोन मिनिटे थांबायचे, मग धरून उभे राहायचे. बादली सुनेनेच उचलायची असा नियम करू नका, मुलाचेही हात आहेत. आणि वस्तीच्या संडासात एक बसायचे कमोड, भिंतीला धरायचा दांडा आणि दिवा एवढी मागणी वॉर्ड ऑफिसात लेखी द्या. ती औषधाइतकीच गरजेची आहे.

दुसरी गोष्ट मिठाची. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा मीठ सांगते. आपण भाजीतले मीठ मोजतो आणि सुकट, सुका बोंबील, जवळा, पापड, लोणचे, फरसाण, खारी यांतले विसरतो. सुकटीच्या एका जेवणाने रात्री दम वाढल्याचे आम्ही पाहिले आहे. सुकट जिवाभावाची आहे, कायमची सोडा म्हटले तर कोणी ऐकणार नाही. मग ती कधीतरी, दोन-तीनदा पाण्यातून धुऊन, भिजवून पाणी फेकून, थोडीशी, आणि त्यात वरून मीठ अजिबात न घालता. सैंधव मीठ चालते, असे पुष्कळ लोक सांगतात. तेही मीठच आहे. दुकानात ‘लो सोडियम’ मीठ मिळते, ते मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असते आणि हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकते. पोट फुगले म्हणून सोडा किंवा फसफसणारी पावडर घेणे म्हणजेही सोडियम पोटात टाकणे.

म्हाताऱ्या माणसापुढे वेगळे अळणी ताट ठेवले की ते जेवणच सोडते. त्याने ताकद जाते, जी या आजारात आधीच कमी असते. त्यापेक्षा घरातल्या सगळ्यांचेच मीठ हळूहळू उतरवा आणि चव लसूण, लिंबू, कोथिंबीर, भाजलेला कांदा, मिरे यांनी आणा. बीपीची पुढची पाळी मुला-सुनांचीच असते, त्यांचाही फायदा होईल. पाणी किती प्यायचे ते डॉक्टर ठरवतात. माप सांगितले असेल तर सकाळी तेवढे बाटलीत भरून ठेवा आणि चहा, ताक, आमटी त्यातच धरा. सांगितले नसेल तर मनाने तोडू नका, विशेषतः उन्हाळ्यात.

वजनाचा काटा पाच-सात घरांनी मिळून घेतला तरी पुरतो. सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, तशाच कपड्यांत वजन करायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. तीन दिवसांत 2 किलोहून जास्त वाढले तर ती चरबी नाही, पाणी आहे. दम वाढेपर्यंत वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि माणूस आडवे पडूच शकत नसेल, तोंडातून गुलाबी फेस, ओठ निळे, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे असे काही दिसले तर 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला आडवे करू नका. पाय खाली सोडून ताठ बसवा आणि पाणी पाजू नका. शुद्ध हरपलेली असेल तर मात्र बसवू नका, कुशीवर झोपवा.

गुडघेदुखीच्या गोळ्यांबद्दल आम्ही जरा रागाने लिहितो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मेडिकलवर सहज मिळतात, गल्लीतल्या दवाखान्यात त्यांचे इंजेक्शनही टोचतात. त्या पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडाला इजा करतात आणि बरा चाललेला रुग्ण भरती करावा लागतो. दुखण्यावर कुठेही औषध घेताना ‘हार्ट फेल्युअर आहे’ हे आधी सांगा. बाकी हृदयाच्या गोळ्या बरे वाटले म्हणून बंद करायच्या नाहीत. एखाद्या गोळीने कोरडा खोकला सुरू झाला तर ती बदलून मिळते.

‘आराम करा’ हा सल्ला लोक फारच मनावर घेतात आणि माणूस खाटेलाच लागतो. अमेरिकेत 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या आजाराने भरती झालेल्या साठीपुढच्या 349 रुग्णांपैकी काहींकडून तोल, ताकद आणि चालण्याचा व्यायाम करून घेतला. तीन महिन्यांनी त्यांची हालचाल इतरांपेक्षा चांगली होती. पुन्हा भरती होणे त्याने ठळक कमी झाले नाही, पण उठणे, बसणे, चालणे सोपे झाले. सूज आणि दम आटोक्यात असताना खुर्चीवरून पाच वेळा उठणे-बसणे आणि गल्लीच्या टोकापर्यंत फेरी, एवढ्यापासून सुरुवात करा. चालताना बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे.

घराबाहेर पडणे बंद झाले की मन खचते. या आजारात पाचांतल्या साधारण एकाला नैराश्य गाठते. विहारात खाली बसवत नाही म्हणून वंदनेला येणे बंद केलेली म्हातारी माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. मागे चार खुर्च्या ठेवायला काय लागते? आजींना विचारले की इच्छा येते ती चैत्यभूमीची. 6 डिसेंबरची रांग त्यांना झेपणार नाही, पण गर्दी ओसरल्यावर, आठवडाभराने नेता येते. बरोबर एक माणूस, घडीचे स्टूल, गोळ्या आणि औषधाचा कागद. पौर्णिमेला अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्यांनी मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

आजार पुढे सरकला की औषधांनीही दम पूर्ण जात नाही. तेव्हा टेबलफॅनचा वारा चेहऱ्यावर सोडला तर दम सुसह्य होतो. याच वेळी बसून विचारायला हवे: पुन्हा पुन्हा भरती हवी की घरी राहायचे, कोणाला भेटायचे आहे, काय राहून गेले आहे. एका आजोबांना एवढेच हवे होते की खाट आतल्या भिंतीकडून दाराजवळ घ्यावी, म्हणजे गल्ली दिसते.

आता पैशाचे. भरती व्हावे लागले तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. 70 वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. त्यासाठी आधार कार्ड लागते. पण ही कार्डे भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहेत, रोजच्या गोळ्यांसाठी नाहीत. रोजच्या गोळ्या आधी सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात मागा. तिथे मिळाल्या नाहीत तर डॉक्टरांकडून कंपनीचे नाव न लिहिता औषधाचे मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी दुकानात जा. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवा, रात्री धावपळ झाली तर तोच आधी लागतो.