बदाम म्हणजे शेंगदाणा!

समजा, नेपाळहून आलेल्या नमकीनच्या पाकिटावर 'बदाम' असं लिहिलंय. लिपी देवनागरीच, त्यामुळे आपल्यालाही वाचता येतं. हिंदीत 'बादाम' लिहून टाकलं की झालं काम? थांबा! नेपाळीत 'बदाम' म्हणजे शेंगदाणा. आपल्या बदामाला तिकडे 'हाडे बदाम' म्हणतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या कुणी ते हिंदी लेबल वाचून पाकीट फोडलं, तर प्रकरण थेट हॉस्पिटलात जाऊ शकतं.

म्हणूनच खाण्यापिण्याचा नेपाळी-हिंदी अनुवाद वाटतो तेवढा सोपा नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद पदार्थावर माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. 'एफएसएसएआय'च्या २०२०च्या लेबलिंग नियमांनुसार शेंगदाणा, सोयाबीन, दूध असे अ‍ॅलर्जीचे घटक स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. लेबलं, मेन्यूकार्ड, रेसिपीचे व्हिडिओ... फ्रीलान्सरला काम मिळतं ते इथे.

आता आणखी काही 'फसवे' शब्द बघा. नेपाळी 'मेवा' म्हणजे पपई, सुकामेवा नव्हे. हिंदीत 'खाजा' ही मिठाई, नेपाळीत तो मधल्या वेळचा नाश्ता. मोमोसोबतचा 'अचार' म्हणजे चटणी, बरणीतलं लोणचं नाही. नेपाळी 'कोदो' म्हणजे आपली नाचणी, हिंदीतला मडुआ किंवा रागी. हिंदी 'कोदो' हे धान्यच वेगळं. त्यामुळे गरम पाणी ओतून नळीने प्यायच्या तोंगबाची माहिती लिहिताना 'कोदो' तसाच ठेवला, तर पेयाचं धान्यच बदललं की!

काही पदार्थांना तर प्रतिशब्दच नाही. गुन्द्रुक म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, किनेमा म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. अशा वेळी मूळ नाव ठेवायचं आणि शेजारी चार शब्दांत पदार्थ सांगायचा. किनेमात सोयाबीन आहे हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं.

मग असा अनुवादक शोधायचा कुठे? त्यासाठी काठमांडूच गाठायला हवं असं नाही. नेपाळी १९९२ पासून आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे आणि २०११च्या जनगणनेत २९ लाखांहून जास्त भारतीयांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. दार्जिलिंग, कालिम्पोंग, सिक्कीम, देहरादून या भागांत दोन्ही भाषांत वावरणारी भरपूर मंडळी सापडतात. सिक्कीम विद्यापीठ आणि नॉर्थ बंगाल विद्यापीठात नेपाळीचे विभाग आहेत. तिथले विद्यार्थी, माजी विद्यार्थी हा चांगला धागा. फ्रीलान्सिंगच्या साइट्सवर नुसतं 'नेपाळी' शोधू नका, भाषांची जोडी आणि 'फूड' हा विषय दोन्ही टाका.

प्रोफाइल चकाचक असलं म्हणून लगेच काम देऊ नका. शंभर-दीडशे शब्दांचा छोटा नमुना द्या, त्यात वरचे दोन-तीन फसवे शब्द पेरा. आणि हो, नमुन्याचेही पैसे द्या, फुकट राबवून घेणं बरं नव्हे. ज्या भाषेत अनुवाद करायचा, ती सहज लिहिता येणारा माणूस निवडा. इथे ती भाषा हिंदी. शेवटी दुसऱ्या जाणकाराकडून घटकांची यादी तपासून घ्या. शब्दामागे दर किती, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कधी, हे आधीच मेलवर ठरवा.

तुम्हीच या क्षेत्रात उतरायचं म्हणताय? मग आजपासून एक वही घाला. हॉस्टेलवर नेपाळी मित्र असेल, तर त्याच्या घरच्या पदार्थांची नावं, घटक, कृती लिहून घ्या. आणि काम हातात आल्यावर शंका विचारायला लाजू नका. 'हा बदाम नक्की कुठला?' असं विचारणारा अनुवादक क्लायंटला थोडा कटकट्या वाटेल, पण पुढचं काम त्यालाच मिळेल.