काडतूस आत बसते म्हणून ते योग्य ठरत नाही

नागपूर जिल्ह्यातील रामटेक, पारशिवनी, उमरेड या तालुक्यांत जंगलालगतच्या शेतांना रानडुकरांचा उपद्रव होतो. काही शेतकरी परवान्याची बंदूक बाळगतात. क्वचित एखाद्याजवळ आत्मरक्षणार्थ रिव्हॉल्वरही असते. शस्त्र साफ कसे करावे, नेम कसा धरावा, हे पुष्कळांस ठाऊक असते. काडतुसाविषयी मात्र “आत बसले म्हणजे झाले” अशी समजूत आढळते. ही समजूत प्राणघातक आहे.

आकडा एक, जाती दोन

कानपूरच्या लघुशस्त्र निर्माणीत .३२ बोअरचे रिव्हॉल्वर तयार होते. .३२ बोअरचे पिस्तूलही मिळते. दोहोंचा आकडा एकच, परंतु काडतुसे भिन्न. या रिव्हॉल्वरचे काडतूस ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’ या जातीचे. त्याचे नळकांडे सुमारे २३ मिलिमीटर लांब व बुडाशी रुंद कड असलेले. पिस्तुलाच्या काडतुसास ‘.३२ ऑटो’ किंवा ‘७.६५ मिलिमीटर’ म्हणतात. त्याचे नळकांडे सुमारे १७ मिलिमीटर, कड अरुंद. गोळीची जाडी जवळजवळ सारखी असल्यामुळे पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्वरच्या घरात शिरू शकते. परंतु त्याचा दाब अधिक असतो. जो दाब सोसण्यासाठी शस्त्र घडविलेले नाही, तो पडल्यास शस्त्र फुटण्याचा व हाताला इजा होण्याचा धोका असतो.

बंदुकीतील अडकलेले काडतूस

एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअरची नळी. म्हणून आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या बंदुकीत चुकून घातले, तर ते घसरून नळीत पुढे अडकते. बंदूक रिकामी भासते. मागून दुसरे काडतूस घातले जाते, आणि चाप ओढताच नळी फुटते. याच कारणास्तव अनेक कारखाने २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात.

लांबीही पाहावी लागते. ६५ मिलिमीटरच्या घरात ७० मिलिमीटरचे काडतूस सहज जाते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार होताना ते उलगडते, वाट अरुंद होते व दाब वाढतो.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

(१) शस्त्रावर कोरलेली जात, काडतुसाच्या बुडावरील अक्षरे व खोक्यावरील मजकूर ताडून पाहावा. बुडावरील ‘के. एफ.’ ही अक्षरे खडकीच्या कारखान्याची खूण होय. ती जात सांगत नाहीत.

(२) जुन्या शस्त्रावरील खुणा पुसट असल्यास परवानाधारक शस्त्रदुरुस्तकाकडून तपासणी करून घ्यावी. तोपर्यंत बार काढू नये.

(३) दोन जातींची काडतुसे एका खिशात किंवा एका डब्यात ठेवू नयेत.

(४) बार दबका वाटल्यास थांबावे. शस्त्राचे तोंड सुरक्षित दिशेस ठेवून ते रिकामे करावे व नळी मोकळी असल्याची खात्री करावी.

(५) शस्त्राचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यासाठी अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

पेरणीपूर्वी बियाण्याची पिशवी वाचून पाहणाऱ्या शेतकऱ्याने काडतुसाचे बूडही तितक्याच काळजीने वाचावे.